एक्केचाळीस तारे आणि एक बंद तोंड

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," मी म्हणालो, "पण हा अंबादास गोविंद खैरमोडे आयुष्यात एकदा गप्प बसला होता. चांगले पावणेदोन तास. आणि तेही समोरचं माणूस हात जोडायचं तेवढं बाकी ठेवून विचारत असताना."

कँटीनमधली पोरं खो खो हसली. हसणारच. बोरमाळच्या वेधशाळेत मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण तिथे माझं नाव झालं ते थापांसाठी. घुमटात शिरलेल्या बिबट्याला मी गेटपास फाडून बाहेर सोडला, ही माझीच गोष्ट. दुर्बिणीच्या आरशात पाहून मी दाढी करत असे आणि शनीची कडी आड यायची, हीसुद्धा माझीच. मी 'नमस्कार' म्हटलं तरी लोक खिडकीतून डोकावून सकाळ आहे की दुपार ते बघून घेत.

त्या दिवशी डॉक्टर इंदुमती सबनीस निवृत्त होत होत्या. सभागृहात साडेचारला निरोप समारंभ, म्हणून आम्हा जुन्या पेन्शनरांनाही बोलावलं होतं. मॅडम अजून संचालकांच्या खोलीत होत्या. मी समोसा फोडत बसलो होतो आणि भोवती संशोधन करणारी नवी पोरं. त्यांच्यात ओवी जगदाळे नावाची एक मुलगी, साताऱ्याकडची, जिभेला जरा धार असलेली. तिनेच विषय काढला होता.

"काका, ते एक्केचाळीस तारे मॅडमनी ठेवले असते तर आज त्यांचं नाव जगभर झालं असतं. आता दुसरीकडे कुठे कुठे तसेच संकेत मिळतायत, की कृष्ण ऊर्जा काळाबरोबर कमी होत असावी. मॅडमना ते तेरा वर्षांपूर्वी दिसलं असतं. हातचं घालवलं."

"आणि रेगेसर तर म्हणतात," दुसरा एकजण आवाज खाली आणत म्हणाला, "की त्या दुपारी मॅडम तुमच्या स्टोअरमध्ये गेल्या होत्या. दार लावून. आकडा फुटला होता म्हणे."

मी समोसा खाली ठेवला. ही कुजबुज मी तेरा वर्षं ऐकत होतो आणि तेरा वर्षं एकच उत्तर देत होतो. माझ्या बाकीच्या गोष्टी दर वेळी बदलतात. बिबट्याची तर आता बिबटीण झाली आहे, पोटुशी. ही एक गोष्ट मात्र मी कधी एका शब्दाने इकडची तिकडे केली नाही.

"आल्या होत्या," मी म्हणालो. "विचारलंही. पण आकडा फुटला नाही. ऐका."

आणि सांगू लागलो.

आकड्याची भानगड आधी समजून घ्यायला हवी. मला ती मॅडमनीच समजावली होती, माझ्याच स्टोअरमध्ये, स्टुलावर बसून. विश्व फुगतंय, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. पण ते फुगण्याचा वेगसुद्धा वाढतोय. म्हणजे आतून काहीतरी ढकलतंय. ते काय आहे ते कुणालाच माहीत नाही, म्हणून नाव दिलं कृष्ण ऊर्जा.

"समजा, खैरमोडे," मॅडम म्हणाल्या, "तुमचं हे स्टोअर दर वर्षी मोठं होतंय. नवे कप्पे येतायत. आणि प्रत्येक नवा कप्पा येतानाच मालाने भरलेला येतोय, जुन्याइतकाच. खरेदी नाही, मागणीपत्र नाही."

"मग मला ऑडिटवाले फासावर देतील."

"आम्हालाही तेच वाटतं," त्या हसल्या. "पण आजवरचं उत्तर हेच आहे. कप्प्यात माल कायम तेवढाच. मला एवढंच बघायचंय की खरंच तेवढाच येतो, की नव्या कप्प्यांत हळूहळू कमी पडत चाललाय. कमी पडत असेल, तर विश्वाचा शेवट आपण समजतो तसा नाही."

हे बघायला त्यांनी स्फोट होऊन मेलेले तारे धरले होते. लांबचा तारा म्हणजे जुना काळ. तो किती उजळ दिसतो त्यावरून त्या काळी विश्व कसं फुगत होतं ते काढायचं. सहा वर्षं, चारशेवर तारे.

"पण माणूस लबाड नसला तरी हात लबाड असतो," मॅडम म्हणाल्या. "हवं ते उत्तर दिसलं की तपासणं थांबतं. नको ते दिसलं की चूक शोधत बसतो. म्हणून मोजणीत एक गुपित आकडा मिसळायचा. आमच्या पडद्यावर दिसेल ते उत्तर त्या आकड्याने सरकलेलं. खरं काय ते आम्हालाही कळणार नाही. सगळं काम संपून, 'आता यात बदल नाही' अशी सही झाली, की मगच आकडा उघडायचा आणि वजा करायचा. तोपर्यंत तो फक्त एका माणसाला माहीत असेल. तुम्हाला."

"मला? मॅडम, मी या टेकडीवरचा एक नंबरचा थापाड्या."

"म्हणूनच. पोटात राहिला तर उत्तमच. आणि तोंडातून निघाला, तरी कोण विश्वास ठेवणार?"

असा मी विश्वाचा किल्लेदार झालो. एक ते वीसमधला एक आकडा मी एकट्याने कॉम्प्युटरमध्ये घातला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. तोच कागदावर लिहून लिफाफ्यात घातला, लिफाफ्यावर लाख ओतली, लिफाफा स्क्रूच्या डब्यात आणि डबा लोखंडी कपाटात. कपाटावर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: 'सही होण्याआधी हा आकडा कुणालाही कळल्यास सहा वर्षांचं काम रद्द समजावं. इं. सबनीस.'

चौदा महिने तो कागद तिथे होता. कडा पिवळ्या पडल्या.

मग तो एप्रिलमधला दिवस आला. पाच वाजता सभागृहात सही, मग लिफाफा. परदेशातले दोन गट पडद्यावर हजर राहणार होते. तीन वाजून दहा मिनिटांनी स्टोअरचं दार ढकलून मॅडम आत आल्या आणि त्यांनी कडी लावली.

पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतडत होतं. मॅडमचा चेहरा रात्रभर जागलेल्या माणसासारखा.

"जुन्या कॅमेऱ्याची काच आहे ना तुमच्याकडे? ती तडकलेली?"

निकामी मालाच्या फळीवर होती. बशीएवढी, निळसर, कॅमेऱ्यासमोर बसवतात ती. मी फडक्याने पुसून दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली. काठापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर.

"ही कधी पडली, खैरमोडे?"

"माझ्याकडे आली तेव्हा होतीच. कॅमेरा उतरवला त्या दिवशी."

"त्याआधी किती दिवस होती?"

"ते वर काम करणाऱ्यांना ठाऊक."

"त्यांना नाही ठाऊक. सगळी रोजनिशी वाचली मी. ढग लिहिलेत, वारा लिहिलाय, एका रात्री साखर संपली तेही लिहिलंय. काच तडकली ते कुणी लिहिलं नाही." त्यांनी काच टेबलावर ठेवली. "त्या कॅमेऱ्याने शेवटी शेवटी एक्केचाळीस तारे टिपले. चीर नंतर पडली असेल तर ते तारे चांगले. आधी पडली असेल तर खराब. रेगे म्हणतो ठेवा. मला दोन्ही वाटतं. पाच वाजता मला एक काहीतरी बोलावं लागेल."

मी म्हटलं, "मग बोला की. त्यात काय?"

"त्यात सगळंच आहे." त्या स्टुलावर बसल्या. बोटाने टेबलावरच्या धुळीत दोन रेघा काढल्या. "ही वरची, तारे ठेवून. ही खालची, तारे काढून. पडद्यावर दोन्ही सरकलेल्या आहेत, तुमच्या आकड्याने. तो लहान असेल, दहाच्या आत, तर वरची रेघ शोध ठरते. माल कमी पडतोय. आणि खालची म्हणजे काही नाही, जुनंच उत्तर. आकडा मोठा असेल तर बरोबर उलटं."

पुढचं मला आधीच ऐकू आलं होतं.

"काही नाही असं निघालं तर जूनमध्ये प्रकल्प बंद," मॅडम म्हणाल्या. "पाच जण घरी. त्यातल्या दोघांची लग्नं ठरलीयत. रेगेने बाहेरची नोकरी सोडली माझ्या शब्दावर. मी त्याला म्हणाले होते, थांब, काहीतरी आहे इथे."

भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. मॅडमनी कपाटाकडे पाहिलं, स्वतःच्याच अक्षरातल्या त्या कागदाकडे. मग माझ्याकडे.

"आकडा नको सांगू मला," त्या म्हणाल्या. चौदा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं. "एकच शब्द सांग. लहान की मोठा?"

माझी जीभ तोंडातल्या तोंडात डाव्या गालाकडे वळली. का, ते पुढे सांगतो. ती तिथून सरळ बाहेर पडणार हे मला कळलं. माझ्या जिभेला हाड नाही हे सबंध टेकडीला माहीत होतं, मला सगळ्यांत जास्त. म्हणून मी काय केलं? टेबलावर पितळी स्क्रूंची पुडी होती. त्यातले तीन उचलले आणि सुतार धरतात तसे दातांत धरले. घट्ट.

"लहान की मोठा?" त्यांनी पुन्हा विचारलं.

पितळेची चव कशी असते माहितेय? जुन्या नळाचं पाणी प्यायल्यासारखी.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "मॅडम? आत आहात?" रेग्याचा आवाज. हेमंत रेगे, मॅडमचा उजवा हात. मॅडम हलल्या नाहीत. मीही नाही. खिडकीच्या धुरकट काचेपलीकडे त्याची सावली आली, थांबली. त्याने कपाळ काचेला लावून आत बघितलं. आम्ही दोघं, मध्ये टेबल, टेबलावर तडकलेली काच. क्षणभर तो तसाच राहिला, मग सावली निघून गेली. ती कुजबुज तिथूनच सुरू झाली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मॅडमनी डोळे मिटले. "त्याने पाहिलं. आता तू सांगितलंस काय आणि नाहीस काय, लोकांच्या लेखी सारखंच. मग निदान मला तरी कळू दे." आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू, देवघरात बोलावं तसं: "लहान की मोठा?"

चार वाजले होते. छपरावर कसलासा पक्षी उतरला, त्याची नखं पत्र्यावर वाजली. सहा वर्षं या बाईने कुणाला एक चुकीचा दशांश लिहू दिला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "मॅडम, ते पाच वाजता."

मॅडम उठल्या, धुळीतल्या दोन्ही रेघा तळहाताने पुसल्या, कडी काढली आणि गेल्या. पाच वाजेपर्यंत मी ते स्क्रू दातांतून काढले नाहीत.

पाचला सभागृहात माणसं कमी नव्हती, पण पंख्याचाच काय तो आवाज होता. मी लिफाफा छातीशी धरून पहिल्या रांगेत. लाख शाबूत, मी सगळ्यांना फिरवून दाखवली. पडद्यावर परदेशातली माणसं कॉफी पीत होती.

"शेवटचा मुद्दा," मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. "जुन्या कॅमेऱ्यातले एक्केचाळीस तारे."

"ठेवायचे ना?" रेगे म्हणाला. तो प्रश्न नव्हता, विनवणी होती.

"काढायचे."

"मॅडम, तीन हिवाळे गेलेत त्यांच्यामागे!"

"काच कधी तडकली ते आपल्याला माहीत नाही, हेमंत. तडकलेल्या काचेतून खरं दिसलं, तरी ते आपण पाहिलं असं होत नाही." त्यांनी कागदावर सही केली. तारीख घातली, वेळ घातली. "आता यात बदल नाही. खैरमोडे, फोडा."

मी लाख फोडली. कागद उलगडला. आणि मोठ्याने वाचलं.

"चार."

आकडा घातला त्या आठवड्यात माझ्या चार दाढा काढल्या होत्या, डाव्या बाजूच्या, म्हणून तो आकडा. विसरायची सोयच नव्हती. जीभ दिवसभर तिथेच जायची. विश्वाचं भवितव्य चौदा महिने माझ्या गालात होतं, असं म्हणा ना.

रेग्याने चार वजा केले. पडद्यावरची रेघ सरकली, सरकली आणि जुन्या उत्तरावर जाऊन बसली. माल कायम तेवढाच. काही नाही. मग त्याने, कुणी सांगितलं नसताना, ते एक्केचाळीस तारे परत घालून पाहिले. रेघ वर उचलली गेली. शोध. तो ती रेघ बघत उभा राहिला, मग हातातलं पेन त्याने टेबलावर असं टाकलं की ते घरंगळत खाली पडलं. कुणी उचललं नाही.

मॅडम? मॅडम पडद्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. आपल्या पेनाला टोपण लावत होत्या.

जूनमध्ये प्रकल्प बंद झाला. पाचजण गेले. रेगे वर्षभराने परत आला, पण मॅडमशी कामापलीकडे बोलला नाही. मॅडम शिकवत राहिल्या. तेरा वर्षं.

"तर असं," मी कँटीनमधल्या पोरांना म्हणालो आणि राहिलेला समोसा उचलला. "आता तुम्हीच सांगा, आकडा फुटला असता तर? लहान आहे हे कळल्यावर कुठलं शहाणं माणूस ते तारे काढेल? शोध हातात असताना? त्यांनी काढले, याचाच अर्थ त्यांना माहीत नव्हतं. काम स्वच्छ. रेग्याला सांगा जाऊन."

पोरं गप्प झाली. माझ्या गोष्टीनंतर कधी कुणी गप्प बसत नाही. मला बरं वाटलं. मग ओवी कपाळाला आठी घालून म्हणाली, "काका, एक शंका."

"विचार."

"तुमच्या तोंडात स्क्रू होते ना? पाच वाजेपर्यंत?"

"होते. तीन. पितळी."

"मग 'मॅडम, ते पाच वाजता' हे म्हणालात कसं?"

पोरांमध्ये पुन्हा हशा पिकला. मी खोकलो. तेरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "अगं, ते एका बाजूला सारून… सुतार नाही का बोलत…"

"सुतार बोलत असतील," मागून आवाज आला. "तुमच्या तोंडात स्क्रू नव्हतेच, खैरमोडे."

मॅडम दारात उभ्या होत्या. हातात कुणीतरी दिलेला गुच्छ, खांद्यावर शाल. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. हशा बंद झाला. मी उठलो.

"मॅडम, पोरांना आपलं गंमत म्हणून…"

"बसा." त्या पुढे आल्या, गुच्छ टेबलावर ठेवला. "बाकी सगळं अगदी बरोबर सांगितलंत. पक्ष्याची नखंसुद्धा. पण 'पाच वाजता' हे खोटं. तुम्ही 'लहान' म्हणालात."

मी मान खाली घातली. समोशातला वाटाणा बशीत घरंगळत होता तो बघत राहिलो.

"आज भाषणात सांगणार होते मी," मॅडम म्हणाल्या. "आकडा कळला तर काम रद्द, हे कपाटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. तुम्ही आधीच थाप मारून बसलात."

ओवी उभी राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "म्हणजे मॅडम, तारे ठेवले की शोध, हे तुम्हाला सही करताना माहीत होतं?"

"होतं."

"पण…" ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या पांढऱ्या मिशांकडे, बशीतल्या समोशाकडे. "ह्यांनी सांगितलं म्हणून? ह्यांच्यावर कोण विश्वास ठेवतं?"

"मी ठेवला," मॅडम म्हणाल्या.